मुंबईचा पाणीपुरवठा

मुंबई शहर व उपनगरांना पाणी पुरवणारी, बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या जलअभियंता खात्याकडून चालवली जाणारी सार्वजनिक व्यवस्था. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा व भातसा या सात जलाशयांतून शहरात रोज सुमारे ३,९०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी येते. सातही जलाशय काठोकाठ भरले, की शहराच्या वाट्याचा उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतो. त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. विहार आणि तुळशी हे दोनच तलाव मुंबईच्या हद्दीत आहेत आणि एकूण साठ्यात त्यांचा वाटा जेमतेम अडीच टक्के आहे. बाकीचे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक या जिल्ह्यांतले.

विहिरी आणि तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरींवर आणि दानशूरांनी खोदलेल्या तलावांवर जगत होते. सी. पी. टँक (कावसजी पटेल तलाव), धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही त्यांचीच मागे उरलेली नावे. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची असून ती आजही जिवंत आहे. १८४९ च्या मोजणीत बेटाची वस्ती साडेपाच लाखांवर गेली होती. उन्हाळ्यात तलाव आटले की माणसे आणि जनावरे दोघांचेही हाल होत. १८५४ च्या टंचाईत साष्टीतून होड्यांनी आणि आदल्याच वर्षी सुरू झालेल्या रेल्वेने पाणी आणून ते विहिरींत ओतावे लागले. गुरे माहीमकडे हाकलली गेली. शहराबाहेरून पाणी आणण्याच्या विचाराला खरी गती आली ती या टंचाईनंतर.

विहार ते तानसा. हेन्री कोनिबेअर या अभियंत्याने साष्टीतल्या मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून पाणी नळाने बेटावर आणण्याची योजना मांडली. काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये पुरे झाले. तीन बांधांनी अडवलेल्या विहार तलावातून रोज सुमारे ३२ दशलक्ष लिटर पाणी मिळू लागले. भारतात पालिकेच्या नळाने पाणी देण्याचे जे पहिले मोठे प्रयोग झाले, त्यांत याची गणना होते. हे पाणी दीर्घकाळ पुरेल अशी अपेक्षा होती. ती थोड्याच वर्षांत फोल ठरली, कारण कापसाच्या तेजीने आणि पाठोपाठ गिरण्यांनी वस्ती फुगत गेली. १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. त्याची भर फक्त १८ दशलक्ष लिटरांची. १८९० च्या सुमारास घाईने बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्याजोगे निघाले नाही. आज ते आरे वसाहत आणि कारखान्यांच्या वापरापुरते उरले आहे.

खरी झेप तानसाची. साष्टीतल्या छोट्या ओढ्यांवर शहर चालणार नाही, लांबची मोठी नदीच अडवली पाहिजे, हे हेक्टर टुलोक या अभियंत्याने १८७० च्या दशकातच सांगितले होते. शहापूर तालुक्यातल्या तानसा नदीवरचे सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण ३१ मार्च १८९२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते खुले झाले. धरणाची उंची आणि जलवाहिन्यांची संख्या १९१५, १९२५ व १९४८ अशी टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. तानसाचे पाणी पंपाविना, केवळ उतारावरून शंभर किलोमीटरांच्या आसपास धावत येते. याच काळात शहरातल्या टेकड्यांवर साठवण टाक्या बांधल्या गेल्या. मलबार हिलची टाकी हँगिंग गार्डनच्या खाली आहे, माझगावच्या भंडारवाडा टाकीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. बागेत फिरायला येणाऱ्या किती जणांना पायाखालच्या टाकीची कल्पना असते, कोण जाणे.

नळाचे पाणी आले म्हणून विहिरी लगेच सुटल्या नाहीत. विहिरीचे पाणी गोड, धर्मकार्याला चालणारे आणि करमुक्त होते. नळाच्या पाण्यावर पट्टी बसे, म्हणून कुरकुर होत असे. विहिरींवर खरा घाला आला तो हिवतापामुळे. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये शहरातल्या हिवतापावर अहवाल दिला आणि डास विहिरींत पैदा होतात असे दाखवले. त्यानंतर पालिकेने अनेक विहिरी बुजवल्या, उरलेल्यांवर झाकणे आणि जाळ्या बसवल्या. धार्मिक वापराच्या विहिरींवरून पारशी व हिंदू समाजांशी बराच वाद झाला. आरोग्यखात्याच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता, पण त्यामुळे शहराच्या अंगणातला पाण्याचा एक साठा कागदोपत्री निकालात निघाला.

स्वातंत्र्यानंतर. १९५० आणि १९५७ मध्ये पालिकेची हद्द वाढून मुलुंड-दहिसरपर्यंत गेली आणि पाण्याचा जुना हिशेब कोलमडला. पालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या काळात वैतरणेवर धरण उभे राहिले. १९५७ मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणाने रोज सुमारे ४५५ दशलक्ष लिटरांची भर टाकली. जलाशय आज मोडकसागर म्हणून ओळखला जातो. अल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास आराखड्याची रूपरेषा तयार करणारे मोडक ते हेच. १९७३ मध्ये इगतपुरीकडचे अप्पर वैतरणा धरण कामात आले. त्याचे पाणी आधी वीजनिर्मितीसाठी वापरले जाते आणि मग नदीतून मोडकसागरात उतरते.

भातसा धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचे. त्यातून १९८० च्या दशकापासून पुढे टप्प्याटप्प्याने पाणी उचलण्यात आले, त्यासाठी जागतिक बँकेचेही कर्ज मिळाले. भातसापासून एक मोठा फरक पडला. धरणातून नदीत सोडलेले पाणी पिसे येथील बंधाऱ्यावर अडवून पंपाने उचलावे लागते व पांजरापूरला शुद्ध करून पुढे पाठवावे लागते. तानसा-वैतरणेच्या पाण्याला उतार पुरत होता. भातसाच्या पाण्याला वीज लागते. पिसे किंवा पांजरापूरला वीज गेली की दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुंबईत ‘पाणी कमी दाबाने येईल’ अशी सूचना निघते, ती यामुळेच. वैतरणा-तानसाच्या पाण्यासाठी भांडुप संकुलात १,९१० दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. पुढे तिथेच ९०० दशलक्ष लिटरांची भर पडली.

डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ मध्ये पुढच्या स्रोतांची यादी दिली : मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ, शाई आणि काळू. त्यांतले मध्य वैतरणा तेवढे झाले. मोखाडा तालुक्यातले हे १०२.४ मीटर उंचीचे धरण २०१४ मध्ये पुरे झाले आणि त्यातून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळू लागले.

वितरण. धरणे, जलवाहिन्या आणि बोगदे बांधण्यात मुंबईची कामगिरी देशात पहिल्या पंक्तीची आहे. पाणी भांडुपपर्यंत येते ते चोख. तिथून पुढे, घराघरांत पोहोचवताना मात्र व्यवस्था लंगडते. शहरात पंचवीसहून अधिक सेवा-जलाशय, म्हणजे वितरणाच्या टाक्या आहेत आणि त्यांच्यावर दोनशेहून अधिक पुरवठा-विभाग अवलंबून आहेत. नळाला चोवीस तास पाणी असलेले भाग मोजकेच. बहुतेकांना ठरलेल्या वेळी दोन-चार तास पाणी येते आणि ते चावीवाल्याच्या हातून येते. पालिकेचा हा कामगार गाडीने ठरलेल्या फेरीवर निघतो, रस्त्यातले लोखंडी झाकण उचलतो आणि पुरुषभर उंचीची, वर आडवा दांडा असलेली चावी खाली व्हॉल्व्हवर बसवून फिरवतो. कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, कुठला अर्ध्यावर ठेवायचा, टेकडीवरच्या वस्तीला दाब मिळण्यासाठी खालची कोणती लाइन आधी बंद करायची, हे नकाशात असते त्याहून जास्त त्याच्या हातात असते. इकडे चाळीत किंवा वस्तीत नळातून आधी फुसफुस हवा येते, मग गढूळ पाण्याची पहिली धार. ती मोरीत सोडून मग हंडे-पिंपे भरायला घेतात. सोसायटीत हेच पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरते आणि पंपाने गच्चीवर चढते. साठवायला टाकी असली की दोन तासांचे पाणी दिवसभर पुरते. वस्तीत ती सोय नसते.

पाळीपाळीने पाणी सोडण्याचा तोटा असा, की उरलेले वीस-बावीस तास नळ रिकामे असतात. रिकाम्या नळातला दाब नाहीसा होतो आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. रोज भरणे-रिकामे होणे यामुळे सांधेही लवकर निकामी होतात. दक्षिण मुंबईतल्या अनेक वाहिन्या ब्रिटिशकालीन आहेत. गळती शोधणारी पालिकेची पथके धातूचा दांडा जमिनीला टेकवून दुसरे टोक कानाला लावतात आणि खाली वाहत्या पाण्याचा आवाज ऐकतात. शहर शांत असताना म्हणजे रात्रीच हे काम नीट जमते. मुंबईच्या रस्त्यांखाली नळाशेजारी काय काय पुरले आहे हे लक्षात घेता, हे लोक अचूक जागी खोदतात याचेच नवल वाटावे.

कुणाला किती. सध्याचा पुरवठा २०११ च्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येने भागला तर दरडोई ३०० लिटरांहून जास्त पाणी येते. यात कारखाने, कचेऱ्या, इस्पितळे आणि गळती सगळे आले. तरीही आकडा कमी नाही. प्रश्न वाटपाचा आहे. पालिकेच्या नियोजनात इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा हिशेब दीर्घकाळ धरला जात होता. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना तर अधिकृत जोडणीच नव्हती; त्या पाणी विकत घेत आणि तेही इमारतीतल्या दराच्या कितीतरी पट मोजून. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे पालिकेचे धोरण यायला २०२२ उजाडले.

तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्यांची कथा याहून विचित्र आहे. वाहिनीच्या सुरक्षेसाठी न्यायालयाच्या आदेशाने झोपड्या हटवल्या गेल्या आणि हजारो कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरे दिली गेली. तिथल्या हवेमुळे आजार वाढल्याची तक्रार घेऊन लोक पुन्हा न्यायालयात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे बजावले.

शहराबाहेरचे चित्र. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, वैतरणेचे पाणीही इथल्याच परिसरातून मुंबईकडे जाते. मार्च उजाडला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांत टँकर फिरू लागतात. महामार्गालगत माणसाच्या उंचीच्या जलवाहिन्या आणि त्यांच्या पलीकडे डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बाया, हे दृश्य ठाणे जिल्ह्याला नवे नाही. पाण्याचे हक्क धरण बांधतानाच शहराच्या नावे लिहिले गेले आणि वाटेवरच्या गावांचा विचार मागाहून झाला. शहापूरच्या गावांसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना हाती घेतली गेली, तीही अलीकडच्या काळात. जमेची बाजूही नोंदवायला हवी. पाणलोट राखायचा म्हणून विहार-तुळशीभोवतीचे जंगल टिकले आणि पुढे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सामील झाले. तानसाभोवतीही अभयारण्य आहे.

टंचाई आणि पर्याय. सगळा साठा चार महिन्यांच्या पावसावर असल्याने जून-जुलैत तलावांच्या पातळ्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतात आणि मुंबईकर त्या शेअरच्या भावाइतक्याच उत्सुकतेने वाचतात. २००९ च्या अपुऱ्या पावसानंतर मोठी कपात करावी लागली; जून २०२४ मध्ये १० टक्के कपात झाली. कमी पडणारे पाणी खासगी टँकर भागवतात आणि टँकर भरतात ते विहिरी-कूपनलिकांवर. म्हणजे १९११ नंतर निकालात काढलेला साठा बाजाराच्या दाराने परत आला. भूजल उपशाच्या नियमांवरून एप्रिल २०२५ मध्ये टँकरचालकांनी संप केला, तेव्हा किती सोसायट्या आणि बांधकामे या पाण्यावर चालतात ते उघड झाले.

पुढच्या योजनांत मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २०० दशलक्ष लिटरांचा प्रकल्प आहे. वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभारली जात असून त्यांची एकत्रित क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर आहे. त्या पाण्यातले निदान बागा, बांधकामे आणि शौचालयांसाठी वापरले गेले तरी गोड्या पाण्यावरचा भार हलका होईल. वाडा तालुक्यातला गारगाई प्रकल्प ४४० दशलक्ष लिटरांचा. त्यासाठी अभयारण्यातली जमीन आणि काही गावे बुडणार असल्याने तो मध्यंतरी बाजूला ठेवला गेला होता, नंतर पुन्हा पुढे आणला गेला. गळती आणि चोरीत जाणाऱ्या पाण्याचे वेळोवेळी दिलेले अंदाज पुरवठ्याच्या पाव ते एक तृतीयांश भागाच्या दरम्यान आहेत. यातला सर्वांत कमी आकडा धरला तरी ते रोज साडेनऊशे दशलक्ष लिटरांहून अधिक, म्हणजे गारगाईच्या दुप्पट होते. ते वाचवायला जंगल बुडवावे लागत नाही. जुने नळ बदलावे लागतात, आणि ते काम धरणाच्या आधी व्हायला हवे.