दूरची वाट आणि जवळची पायवाट : मराठी प्रवासलेखनातील साहसाचा विचार

नामदेवांच्या नावावर रूढ असलेल्या ‘तीर्थावळी’च्या अभंगांत एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेस चलण्याचा आग्रह करतात आणि नामदेव पंढरी सोडण्यास नाखूश असतात. विठ्ठल भीमातीरी उभा असताना दूरदेशीच्या तीर्थांत अधिक ते काय लाभणार, हा त्यांच्या मनातील प्रश्न. अखेर ते निघतात, उत्तरेची तीर्थे पाहतात आणि परततात तेव्हा पंढरीविषयीची त्यांची ओढ अधिकच दृढ झालेली असते. नामदेवांचा उत्तरेशी असलेला संबंध केवळ आख्यायिकेपुरता मर्यादित नाही. पंजाबातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याची स्मृती आजही जपते आणि त्यांच्या नावावरील ६१ पदे ‘गुरू ग्रंथसाहिबा’त समाविष्ट आहेत. दूर जावे की जवळच राहावे, हा प्रश्न मराठी वाङ्मयात अशा रीतीने फार लवकर उपस्थित झाला आणि पुढील सहा-सात शतके तो निरनिराळ्या रूपांत विचारला जात राहिला.

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना साधारणतः वाढत्या अंतराचा क्रम स्वीकारला जातो. आधी तीर्थयात्रा, मग विलायत, मग अमेरिका आणि जपान, अशी ती मांडणी असते. या क्रमात सोय आहे. परंतु त्यामुळे अंतर हेच साहसाचे माप आहे असा समज बळावतो. ‘प्रवास’ या शब्दाचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे. त्यात मैलांचा हिशेब नाही; घर सुटणे तेवढे आहे. या वाङ्मयातील टिकून राहिलेली पुस्तके वाचत गेल्यास असे दिसते, की प्रवासी किती दूर गेला यापेक्षा निघताना त्याने स्वतःचे काय पणाला लावले, यावर त्याच्या अनुभवाची खोली ठरली आहे.

या दृष्टीने विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहण्यासारखा आहे. कुलाबा जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली आपल्या चुलत्यासह उत्तरेस निघाले, ते साहसाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. तेथे दक्षिणा मिळेल, ऋण फिटेल, जमल्यास काशीयात्राही घडेल, एवढाच त्यांचा माफक हिशेब होता. वाटेत महूच्या परिसरात शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण लागली आणि हा हिशेब कोलमडला. पुढे झाशीच्या वेढ्यात ते सापडले. शहर पडल्यानंतरची कत्तल, लूट आणि जाळपोळ त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली. मिळालेले द्रव्य लुटारूंनी हिरावून घेतले. काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली झाशीची राणी त्यांना भेटते आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये असे सांगून स्वतःच पाणी शेंदू लागते. हा प्रसंग मराठी गद्यातील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक होय. तो अविस्मरणीय ठरतो, कारण सांगणाऱ्याने त्याला कोठेही उंच आवाज दिलेला नाही.

गोडसे घरी परतले तेव्हा त्यांच्यापाशी संपत्ती नव्हती. खांद्यावर गंगोदकाची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ज्या यात्रेतून कर्ज फिटावयाचे, तिच्यातून एवढेच हाती आले. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून पुढे सुमारे पाव शतकाने त्यांनी हा वृत्तान्त लिहून काढला. तो वैद्यांनी संस्कारित करून १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली उपलब्ध करून दिली. राजसत्तेच्या भयाने जो वृत्तान्त दीर्घकाळ प्रकाशात येऊ शकला नाही, त्यातील प्रवास संपल्यावरही त्याचा धोका संपलेला नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

गोडसे यांच्यावर साहस येऊन कोसळले. पंडिता रमाबाईंनी ते जाणीवपूर्वक पत्करले. वस्तुतः रमाबाईंचे बालपणच वाटेवर गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थाहून तीर्थाला पायी हिंडत आणि पुराणे सांगून उपजीविका करीत. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले. उरलेली भावंडे चालत राहिली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वत्सभेने या तरुण स्त्रीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. देशाची धूळ तुडविलेली ही स्त्री १८८३ साली दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, बरोबर घेऊन इंग्लंडला निघाली. समुद्रगमन केलेल्या पुरुषालाही ज्या समाजात प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या समाजातील एका ब्राह्मण विधवेचे हे प्रयाण होते. ‘इंग्लंडचा प्रवास’ ही छोटी पुस्तिका त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि परतीच्या वाटेचे स्वरूपच पालटले. ज्या घरातून निघालो तेच घर परतल्यावर आपले राहील, हा प्रवाशाचा सर्वांत मोठा आधार असतो. रमाबाईंना तो उरला नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत हिंडल्या. त्यातून १८८९ साली प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक सिद्ध झाले. शीर्षकात ‘लोकस्थिती’ हा शब्द आधी येतो, ‘प्रवासवृत्त’ नंतर. यातच त्यांची दृष्टी स्पष्ट होते. शासनपद्धती, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांचे त्यांनी आस्थेने वर्णन केले. तसेच कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही नजरेआड केला नाही. परदेश पाहताना डोळे दिपू न देणे, हे एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडण्याइतकेच धैर्याचे काम होते. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले. दूर पाहिलेले जवळ कामास लावणे, हा त्यांच्या प्रवासाचा खरा शेवट म्हणता येईल.

विसाव्या शतकात परिस्थिती बदलली. प्रायश्चित्ताचे भय ओसरले, आगबोटीची जागा पुढे विमानाने घेतली आणि परदेशगमन हा सुशिक्षित मध्यमवर्गाच्या आवाक्यातील नसला तरी स्वप्नातील विषय झाला. अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) हे या टप्प्यावरील महत्त्वाचे पुस्तक. प्रवासवर्णन माहितीच्या ओझ्यातून सुटून ललित झाले, ते येथे. याच काणेकरांनी दहा वर्षांनी ‘आमची माती, आमचे आकाश’ (१९५०) लिहिले. परका तारा पाहून आलेल्या लेखकाला नंतर स्वदेशाची माती विषय म्हणून दिसावी, हा क्रम लक्षणीय आहे. गंगाधर गाडगीळ यांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) व ‘पूर्वरंग’ (१९६३) यांनी या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. पु. लं.चा प्रवासी स्वतःच्या बावरलेपणावर हसतो आणि त्या हसण्यातून वाचकाचा न्यूनगंड हलका होतो. वसाहतीच्या काळात विलायतेकडे मान वर करून पाहण्याची सवय जडलेल्या समाजाला तिच्याकडे सरळ नजरेने पाहता यावे, हे त्या विनोदाचे ऐतिहासिक कार्य होय. मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर बंगाली शिकण्यासाठी ते शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यातून ‘वंगचित्रे’ (१९७४) हे पुस्तक आले, याचा उल्लेख तुलनेने कमी होतो. नव्या भाषेपुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे, हे नामवंत लेखकाने स्वतःचे मोठेपण पणाला लावणेच होते. त्यासाठी पारपत्राची गरज पडली नाही.

जवळच्या वाटेचा स्वतंत्र शोधही याच काळात लागला. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे मानववंशशास्त्राचे अध्ययन करून डॉक्टरेट मिळविली होती. युरोप त्यांना अपरिचित नव्हता. त्याच इरावतीबाई वारीत चालल्या आणि ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख जन्मास आला. ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. तथापि एकत्र अभंग गाणाऱ्या दिंड्या जेवताना जातीनुसार वेगळ्या बसतात, हे दृश्यही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदविले आणि त्याची खंत लपविली नाही. संशोधकाची तटस्थता आणि सहयात्रिकाची व्यथा यांचा हा संगम प्रयोगशाळेत घडणारा नव्हता.

दि. बा. मोकाशी यांची ‘पालखी’ (१९६४) याच वाटेवरची. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर. पुण्याच्या रहिवाशाला त्यातील पहिले मुक्काम तर अंगणातलेच. मोकाशी निघाले ते भाविक म्हणून नव्हे. श्रद्धा आणि शंका यांच्या मधल्या प्रदेशात वावरणारे शहरी लेखक म्हणून. चालून शिणलेले पाय, मुक्कामावरची गैरसोय, शेतकऱ्यांशी झालेली बोलणी यांची त्यांनी साध्या, निरलंकार गद्यात नोंद केली. सहप्रवाशांची निष्ठा पाहताना लेखकाची स्वतःची अश्रद्धा त्याच्यापुढे प्रश्न म्हणून उभी राहते आणि पंढरपूर येईपर्यंत तिचे सोपे उत्तर मिळत नाही. याचा इंग्रजी अनुवाद १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि ही शेजारची वाट दूरच्या वाचकासाठी परदेशातील साहस ठरली.

गो. नी. दांडेकर यांनी आणखी वेगळी दिशा दाखविली. कोवळ्या वयात घर सोडलेल्या, नर्मदेची परिक्रमा पायी केलेल्या या लेखकाने सह्याद्रीतील किल्ले आयुष्यभर पालथे घातले. तोपर्यंत किल्ला हा प्रामुख्याने बखरीचा आणि पाठ्यपुस्तकाचा विषय होता. दांडेकरांनी त्याला पायांखाली आणले. टाक्यातले पाणी, कड्यावरची निसटती वाट, माचीवरच्या धनगराच्या झोपडीतली भाकरी हे सारे इतिहासाचे साहित्य असू शकते, हे त्यांच्या दुर्गविषयक लेखनाने मराठी तरुणांच्या मनावर बिंबविले. सुटीच्या दिवशी पाठीला पिशवी बांधून राजगडाची किंवा राजमाचीची वाट धरणाऱ्या पिढ्या घडल्या, त्यात या लेखनाचा वाटा मोठा आहे.

या सर्व लेखनामागे एक गृहीत आहे. निघण्यासाठी घर असावे लागते आणि परतण्यासाठीही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) हे गृहीतच हादरविले. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे हे आत्मकथन १९८१ साली साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविले गेले. परंतु प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याचा विचार सहसा होत नाही. त्यातील माणसेही चालतात, नवी गावे पाहतात, पावसात उघड्यावर राहतात, अपरिचितांच्या दारी उभी राहतात. प्रवासवर्णनात ज्यांना अनुभव म्हणतात, त्या सर्व गोष्टी येथे आहेत. तरीही हा प्रवास नव्हे, कारण येथे परतावयाचे ठिकाणच नाही. गावकुसाबाहेर पाल ठोकणाऱ्या मुलाला शाळेत बसणे हेच सर्वांत दूरचे गमन ठरते. ऐच्छिक भटकंतीतील आनंद हा एक सामाजिक अधिकार आहे आणि तो सर्वांना सारखा मिळालेला नाही, हे भान ‘उपरा’ वाचल्यानंतर ‘अपूर्वाई’च्या वाचकालाही टाळता येत नाही. त्याने ‘अपूर्वाई’चा आनंद उणावत नाही, तो कशावर उभा आहे एवढे उमगते.

आज परदेशगमनाची अपूर्वाई ओसरली आहे. सहल कंपन्या आठवड्याभरात अनेक देश दाखवितात आणि दूरस्थ स्थळांची चित्रे निघण्यापूर्वीच घरबसल्या पाहता येतात. गडांच्या वाटांवरही सुटीच्या दिवशी रांगा लागतात. दूरचे आणि जवळचे दोन्ही सुलभ झाले असताना केवळ वर्णनाला वाङ्मयीन मोल उरत नाही. गोडसे यांची कावड, रमाबाईंचे सुटलेले घर, इरावतीबाईंची खंत आणि मोकाशींची न सुटलेली शंका यांना मात्र ते आहे. ज्ञानदेवांच्या आग्रहाने निघालेले नामदेव आणि त्यांच्या मागून निघालेले हे सारे प्रवासी आपापल्या वाटेवर काही गमावून, काही मिळवून परतले, किंवा परतू शकले नाहीत. प्रवासलेखनाच्या अभ्यासकाने नकाशावरील अंतरापेक्षा या जमाखर्चाकडे पाहावे. मराठीतील या वाङ्मयप्रकाराचा इतिहास त्याच वहीत लिहिलेला आहे.