एकाला नऊ : अलिबाग-पेण रस्त्यापर्यंत आलेला हिशेब

परवा रोह्याच्या एसटी स्टँडवर चहा घेत होतो. शेजारी दोन पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून. एक म्हणाला, "आज ओपनला पंजा फिक्स." मटका संपला असं आपण धरून चालतो. तो संपला नाही, चिठ्ठीवरून मोबाईलवर गेला. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडं गणित.

मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर सट्टा चालायचा. बाजार उघडतानाचा भाव ओपन, बंद होतानाचा क्लोज. हे शब्द तिथून आले. पुढे ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. मडकं म्हणजेच मटका. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. नंतर चिठ्ठ्या गेल्या, पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरजेतला शेवटचा अंक तो आकडा. २, ५, ८ आले तर बेरीज १५, आकडा पंजा. गिरणगावात कोकणातला माणूस भरपूर, त्यामुळे हे सगळं आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता गणित. आकडे दहा, भाव एकाला नऊ. समजा दहा जणांनी वेगवेगळ्या आकड्यांवर शंभर-शंभर लावले. जमले हजार. एक जण जिंकला, त्याला नऊशे दिले. उरलेले शंभर बुकीचे. आकडा कुठलाही येवो! जोडीचंही तेच : शक्यता शंभरात एक, भाव एकाला नव्वद. म्हणजे रोज हजार रुपयांची तीच रक्कम फिरवत राहिलात, तर दहा फेऱ्यांनंतर सरासरीने साधारण ३४९ रुपये उरतात. नशीब वाईट म्हणून नाही, भावच तसा आहे म्हणून.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बुकी हेच करतो, फक्त जरा सफाईने. समजा तीन घोडे आहेत. भाव एकाला एक, एकाला दोन, एकाला तीन. कुठलाही जिंकला तरी मुद्दलासह शंभर रुपये मिळावेत असं वाटत असेल, तर तिघांवर अनुक्रमे ५०, ३३ आणि २५ लावावे लागतात. बेरीज १०८. खिशातून १०८ गेले, हातात शंभर आले. वरचे आठ बुकीचे. एका घोड्यावर जास्त पैसे आले की तो त्याचा भाव उतरवतो, नाहीतर जोखीम दुसऱ्या बुकीकडे ढकलतो. टोटवर तर कमिशन आधीच कापतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात.

सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मटका मात्र १८८७ च्या जुगार कायद्याखाली गुन्हाच. कायद्याने फरक आहे, मान्य. पण घोडा ओळखायचं कौशल्य असलं तरी ते वरचे आठ आधी भरून काढावे लागतात. मटक्यात तर कौशल्यही नाही.

आणि या शंभरातल्या दहा रुपयांसाठी काय होतं, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. जून २००८. कल्याणजींचा मुलगा सुरेश भगत अलिबागच्या कोर्टातून परतत होता. अलिबाग-पेण रस्त्यावर ट्रकने गाडी उडवली, तो आणि सोबतचे ठार झाले. आधी अपघात वाटला, तपासात कट निघाला. २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने पत्नी आणि मुलासह आरोपींना दोषी धरून जन्मठेप दिली. वाद धंद्याच्या ताब्याचा होता. तोट्यातल्या धंद्यासाठी कुणी घरच्यांच्या जिवावर उठतं का, विचार करा.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण कायदा स्टँडवरच्या त्या पोरांपर्यंत कधी पोचेल, सांगता येत नाही. त्याआधी गणित पोचायला हवं.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्याच रायगडचे. त्यांच्या जिल्ह्यातल्या पोरांना शंभरातले दहा कुठे जातात, एवढं तरी कळायला नको का? पेण-रोह्यातल्या गणिताच्या मास्तरांनो, शक्यतेच्या धड्याला एक दिवस हे उदाहरण घ्या. पोरं फळ्याकडे नक्की बघतील.