रामलिंगचा घाट

धाराशिव शहरापासून उत्तरेस सुमारें 20 किलोमीटरांवर येडशी हें गांव आहे. तेथपर्यंत वाट सपाटीची, ज्वारीच्या शेतांमधली. येडशीच्या पश्चिमेस मात्र भुई एकाएकीं फाटते आणि बालाघाटाच्या घळी, कपारी व उघडे कातळ नजरेस पडतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरावर थर सांचलेला हा लाव्हारसाचा खडक पावसाच्या ओघळांनीं असा चिरला आहे. येथून पूर्वेस वाहणारें पाणी तेरणा व मांजरा यांच्या वाटेनें गोदावरीस मिळतें. पश्चिमेस उतरणारें सीना-भीमेंतून कृष्णेस जातें.

नांगराला नको असलेली ही जमीन माणसांच्या वाटेवरची होती. येडशीच्या पूर्वेस तेरणेच्या कांठीं तेर आहे. प्राचीन तगर नगर तें हेंच, असें फ्लीट या पंडितानें 1901 सालीं प्रतिपादिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतांत, तगरचें कापड व मलमल गाड्यांवर लादून बिनरस्त्याच्या विस्तीर्ण मुलखांतून भडोच बंदरास नेत असत, असें लिहिलें आहे. दख्खनच्या व्यापाऱ्यानें खडबडीत भूमीची धास्ती कधीं घेतली नाहीं.

घाटाच्या दरींत रामलिंगाचें देऊळ आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला जटायूनें येथें अडविलें, आणि घायाळ पक्ष्याच्या मुखीं पाणी घालण्यासाठीं रामानें बाण मारून खडकांतून धार काढली, अशी लोककथा आहे. जटायूची समाधीहि देवळासमोर दाखवितात. पावसाळ्यांत मागचा धबधबा गर्जूं लागला, कीं श्रावणांतील यात्रेकरूला ती कथा खरीच वाटते.

पुढें आगगाडी आली. इंग्रजी मुलखांतील बार्शीपर्यंत 1897 सालीं आलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे हा घाट चढून निजामाच्या राज्यांत शिरली आणि 1911 सालीं लातुरास पोंचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानें ती उभारली होती. जवळजवळ शंभर वर्षें ती लहानगी गाडी या मुलखांत धांवली. 2008 पर्यंत तिच्या जागीं रुंद रूळ आले.

सन 1997 मध्यें येथील सुमारें 22 चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. डिसेंबर 2024 मध्यें तेथील कॅमेऱ्यांत एक वाघ टिपला गेला. अंगावरील पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचा ठरला; शेतें, रस्ते व नद्या ओलांडीत तो सुमारें 500 किलोमीटर चालून आला होता. त्यानें आसपासच्या गांवांतील गुरें मारलीं, आणि त्याला पकडून सह्याद्रीच्या व्याघ्रप्रकल्पांत नेण्यासाठीं 2025 च्या जानेवारीपासून वनखात्याची धांवपळ सुरू झाली.

ज्याची गाय गेली त्या शेतकऱ्याचें दुःख खरें आहे. आणि एवढें अंतर तुडवून आलेल्या जनावराला 22 चौरस किलोमीटरांचें रान अपुरें पडतें, हेंहि तितकेंच खरें आहे. नांगर जेथें चालला नाहीं तेथेंच रान उरलें, आणि जें उरलें तें थोडें उरलें. एका पांखराच्या समाधीला पिढ्यान्‌पिढ्या हात जोडणाऱ्या या मुलखाला, वाट चुकून आलेल्या वाघाला किती जागा द्यावयाची, हा प्रश्न आतां सोडवावयाचा आहे.