वाहनकर्ज, वापरलेल्या मोटारींसाठी

वाहनकर्ज, वापरलेल्या मोटारींसाठी : एकदा नोंदणी होऊन वापरात आलेली मोटारगाडी विकत घेण्यासाठी त्याच गाडीच्या तारणावर घेतलेले मुदतकर्ज. नव्या गाडीच्या कर्जाहून ते तीन बाबतींत वेगळे असते. तारणाची किंमत कारखान्याच्या दरपत्रकावरून न ठरता मूल्यमापकाच्या अंदाजावर ठरते; गाडीचे वय वाढेल तसे तारण झिजत जाते, त्यामुळे व्याजदर अधिक व मुदत कमी असते; आणि विकणाऱ्याचे पूर्वीचे कर्ज गाडीवर शिल्लक असण्याचा संभव असतो. म्हणून योग्य कर्जाची निवड ही येथे केवळ कमी दराचा शोध नसून मालकी, मूल्य आणि परतफेड या तिन्हींची पारख असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके पतपुरवठ्याच्या इतिहासात लक्षणीय आहेत. पूर्वीच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हस्तगत करून जाळली आणि दख्खनच्या दंग्यांस प्रारंभ झाला. रोष होता तो प्रामुख्याने ऋणकोला न कळणाऱ्या खतांवर व हिशोबांवर. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करता येत नाही, हा हिंदू विधीतील दामदुपटीचा नियमही याच भागात परिचयाचा होता.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास येऊ लागल्यावर या कोरडवाहू मुलखात ऊस व गूळ यांचा व्यापार वाढला आणि भांडवलाची गरज पालटली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वैधानिक रूप मिळाले. १९११ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मध्यवर्ती सहकारी बँकेने कालव्याच्या टापूतील ऊसउत्पादकांकडे लक्ष दिले, तर १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. पुढे वालचंदनगर व भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. बारामती–इंदापूर रस्त्यावरील लासुर्णे हे गाव याच टापूत येते. वालचंदनगरचे संस्थापक वालचंद हिराचंद यांच्याच पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारनिर्मिती कंपनी स्थापन झाली, हा योगायोग उल्लेखनीय आहे. परंतु मोटारीसाठी संस्थात्मक कर्ज मिळण्याची सोय सामान्य शेतकऱ्यास आणखी कित्येक दशके उपलब्ध नव्हती; शेतीकर्ज हे पिकासाठी, बैलजोडीसाठी वा विहिरीसाठीच असे.

भाडेखरेदी ते नजरगहाण : वाहनांच्या पतपुरवठ्याचे पहिले रूप भाडेखरेदीचे होते. हप्ते फिटेपर्यंत वस्तू धनकोच्या मालकीची व घेणारा केवळ भाडेकरी, ही पद्धत इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तेथील हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज (१८९५) या पियानोविषयक खटल्याने तिचे विधिस्वरूप स्पष्ट केले. भारतात १९५४ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या सुंदरम फायनान्ससारख्या कंपन्यांनी मालमोटारी व बसगाड्या यांसाठी ती वापरली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने पुढे जुन्या मालमोटारींच्या कर्जावर विशेष भर दिला. बँका ज्यांना दारात उभे करीत नसत, अशा एकेका गाडीच्या मालकांना त्यामुळे भांडवल मिळाले. भाडेखरेदीचे नियमन करणारा १९७२ चा कायदा संसदेने संमत केला. पण तो अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला.

नव्या मोटारींसाठी अनेक वर्षे प्रतीक्षायादी असल्याने जुन्या मोटारींना मोठा भाव असे. १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आल्यानंतर ही टंचाई ओसरू लागली. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात बँकांनी वैयक्तिक मोटारकर्जाचे क्षेत्र विस्तारले आणि भाडेखरेदीची जागा मुख्यत्वे नजरगहाणाने घेतली. नजरगहाणात मालकी व ताबा ऋणकोकडे राहतो. धनकोचा हक्क नोंदणीपुस्तकात नोंदविला जातो. ग्रामीण व्यवहारात सात-बारावरील शब्दच वापरून यास ‘बोजा चढविणे’ म्हणतात.

व्याजाचा हिशोब : कर्जाची तुलना करताना सर्वांत मोठी फसगत व्याजदराच्या दोन पद्धतींमुळे होते. सरळ दरात मूळ रकमेवर संपूर्ण मुदतीचे व्याज आकारले जाते. घटत्या शिल्लक पद्धतीत फक्त न फिटलेल्या मुद्दलावर. उदा., ३ लाख रु. तीन वर्षांसाठी १० टक्के सरळ दराने घेतल्यास व्याज ९०,००० रु. आणि मासिक हप्ता सु. १०,८३३ रु. होतो. हेच कर्ज घटत्या शिलकेवर १४ टक्के दराने घेतल्यास हप्ता सु. १०,२५३ रु. व एकूण व्याज सु. ६९,१०० रु. होते. म्हणजे दहा टक्क्यांचे कर्ज चौदा टक्क्यांच्या कर्जाहून महाग पडते. त्याचा खरा वार्षिक दर जवळजवळ १८ टक्के असतो. प्रक्रियाशुल्क, मूल्यांकन खर्च आणि कर्जासोबत माथी मारलेला विमा हे धरल्यास तो आणखी वाढतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व बँकेतर वित्तीय कंपन्या यांच्या किरकोळ कर्जांसाठी सर्व खर्चांसह वार्षिक दर दर्शविणारे मुख्य तथ्य विवरण ऋणकोला समजेल अशा भाषेत देणे सक्तीचे केले. दंडव्याजाचे मुद्दलात भांडवलीकरण करण्यासही २०२४ पासून मनाई आहे. १८७५ मध्ये सुप्यात पेटलेल्या प्रश्नाचे, म्हणजे न कळणाऱ्या खताचे, हे दीर्घकाळाने आलेले उत्तर होय.

मालकीचे हस्तांतर : १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९६९ च्या दुरुस्तीने भाडेखरेदीच्या नोंदीची तरतूद झाली, १९८८ च्या कायद्यात ती कलम ५१ मध्ये आढळते. विकणाऱ्याचे कर्ज बाकी असल्यास ते फेडून धनकोचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेणे, नमुना २९ व ३० वर हस्तांतराचा अर्ज करणे आणि नव्या धनकोच्या नोंदीसाठी नमुना ३४ भरणे, असा क्रम असतो. बारामती व इंदापूर भागातील गाड्यांची नोंद बारामतीच्या परिवहन कार्यालयात ‘एमएच-४२’ या संकेताखाली होते. नोंद बदलण्यात हयगय केल्यास परिणाम गंभीर होतात : नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार (२०१८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, गाडी विकली असली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल, असा निर्णय दिला. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते; म्हणून कर्जाची मुदत संपतेवेळी गाडीचे वय किती होईल, हे धनको आधी पाहतो.

ग्रामीण परतफेड : मासिक हप्त्याची कल्पना पगारदारावरून आलेली आहे. ऊसउत्पादकाचे उत्पन्न मात्र गाळप हंगामाशी बांधलेले असते; उसाचे पैसे चौदा दिवसांत देण्याची तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात असली, तरी ऊस तुटतो वर्षातून एकदाच. याउलट दुधाचे बिल साधारणतः दर दहा दिवसांनी मिळते. त्यामुळे लासुर्ण्यासारख्या गावात गाडीचा हप्ता बहुधा दुधावर अथवा कुटुंबातील नोकरीवर बेतावा लागतो. केवळ उसाच्या भरवशावर घेतलेल्या कर्जाचे हप्ते पावसाळ्यात थकण्याचा संभव असतो. पतसंस्थेचे कर्ज ओळखीमुळे लवकर मिळते, परंतु त्यात जामीनदारांवर मोठी जबाबदारी पडते. हप्ते थकल्यास गाडी ओढून नेण्यासाठी गुंडांचा वापर करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर (२००७) या खटल्यात कठोर ताशेरे ओढले. वसुली विधिसंमत मार्गानेच व्हावी, असे त्यात सांगितले आहे.

कर्ज पूर्ण फिटल्यावर नोंदणीपुस्तकातील बोजा उतरविणे हा व्यवहाराचा अखेरचा टप्पा होय. तो राहून गेल्यास फिटलेले कर्जही कागदावर जिवंत राहते आणि गाडीच्या पुढील विक्रीत अडथळा ठरते.