अखेरचें गुरुत्व

विश्रांतवाडीवरून आळंदीची पालखी पुण्यांत येते हें सर्वांस ठाऊक आहे. तेथून जवळच, खडकीस, एके काळीं बीअरचा कारखाना होता हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत असेल. बर्टन येथील मद्यव्यवसायी घराण्यांतील एच. जी. मीकिन यांनीं १८८७ मध्यें सिमला व कसौली येथील कारखाने एडवर्ड डायर यांजकडून विकत घेतले आणि त्यांत जे नवे जोडले, त्यांपैकीं खडकीचा एक होय.

या धंद्यास मापाची शिस्त लागली ती एका तरंगत्या यंत्रामुळें. हल येथील जॉन रिचर्डसन यानें १७८४ मध्यें शर्करामापकावर ग्रंथ लिहिला. मोड आणलेल्या सातूचा गोड रस पाण्याहून जड असल्यामुळें नळी त्यांत उंच तरंगते. किण्व साखर खाऊं लागलें कीं वायु निघून जातो, हलका मद्यार्क मागें राहतो आणि नळी खालीं उतरते. आरंभीं विशिष्ट गुरुत्व १.०५० व अखेरीस १.०१० भरलें, तर वजाबाकीस सुमारें १३१ नें गुणावें; शेंकडा सव्वापांच मद्यार्क निघतो.

सरकारची नजर पूर्वीं असे ती पहिल्या आंकड्यावर. इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें कर बसला तो आंबण्यापूर्वींच्या रसावर. आमच्याकडेही कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदकासाठीं पाणी, तांदूळ व किण्व यांचीं मापें दिलीं, तीं आरंभाचींच. अखेरचा आंकडा मात्र करणाराचा स्वतःचा. आणि आमच्या मतें खरी परीक्षा तीच. किण्वाचें काम संपण्यापूर्वीं बाटली बंद केली, तर उरलेल्या साखरेचा वायु आंतच कोंडतो व कांच फुटते. तुकडे डोळ्यांत जाण्याचें भय असतें. एका मापानें कांहींच सिद्ध होत नाहीं. दोन-तीन दिवस तोच आंकडा आला पाहिजे. नळीस चिकटलेले बुडबुडे तिला उचलून धरतात, म्हणून नमुना आधीं ढवळून निर्वात करावा. वीस अंशांवर बेतलेली नळी पुण्याच्या वैशाखांत पस्तीस अंशांच्या रसांत सोडली, तर आंकडा सुमारें चार सहस्रांशांनीं कमी दिसतो, आणि उतावळा मनुष्य काम संपलें असें समजतो.

आसवारिष्टें करणारे वैद्य पात्रांत जळती काडी धरतात. ती विझली तर वायु अजून निघत आहे, तेवत राहिली तर संधान पुरें झालें. हें ज्ञान अडाणी म्हणून हिणविणें आम्हांस पटत नाहीं. काडी मद्यार्क किती हें सांगत नाहीं खरें. पण थांबलें कीं नाहीं, हाच तर येथें प्रश्न आहे, आणि नळीलाही तो पुनः पुनः विचारावा लागतो.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून घरीं बीअर करणें गुन्हा ठरविलें आहे, तेव्हां या राज्यांत हा हिशेब परवानाधारकांच्या कारखान्यांतच व्हावयाचा. पुण्यांत २००९ मध्यें डूलाली नांवाची छोटी मद्यशाळा निघाली. मीकिनच्या खडकीनंतर पुष्कळ वर्षांनीं तेथेंही नळी रसांत सोडून तोच प्रश्न विचारावा लागला.