वसंतातला सराव आणि संघाची पारख

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. तरीही मार्च-एप्रिल आला की विद्यापीठांची मैदानं पुन्हा गजबजतात. नियमाने ठरलेली १५ सराव सत्रं होतात आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी संघाच्याच दोन तुकड्यांत एक लुटुपुटूचा सामना खेळवला जातो. तो संपला की क्रीडावार्ताहर संघाचा ताळेबंद मांडायला बसतात: क्वार्टरबॅक तयार झाला, बचाव भक्कम आहे, राखीव फळी मात्र कच्ची. या सरावाचा इतिहास पाहिला तर अशा ताळेबंदातली जमेची बाजू बहुतेकदा फसवी आणि उण्याची बाजू बरीचशी खरी असते, असं माझं मत आहे.

मुळात हा सराव पारख करण्यासाठी सुरूच झाला नव्हता. त्याची सुरुवात मार्च १८८९ मध्ये हार्वर्डचा कर्णधार आर्थर कमनॉक याने केली, असं मानलं जातं. त्या काळी संघ बांधण्याचं बरंचसं काम कर्णधाराच्याच अंगावर असे आणि हार्वर्डला येलपुढे सतत मान खाली घालावी लागत होती. शरद ऋतूत सामने सुरू झाले की नवख्यांना शिकवायला सवड कुठली? म्हणून ते काम वसंतात आलं. १८९० मध्ये कमनॉकच्याच नेतृत्वाखाली हार्वर्डने येलला १२-६ असं हरवलं आणि हंगामात एकही सामना गमावला नाही. पुढे ही प्रथा देशभर पसरली, तसा तिला विरोधही झाला. १९५२ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने नेमलेल्या विद्यापीठ-अध्यक्षांच्या समितीने वसंतातला सराव बंद करावा अशी शिफारस केली, आणि त्याच वर्षी हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आपल्यापुरता तो बंदही केला. विद्यार्थी बारमाही फुटबॉलला जुंपले जातात, ही त्यांची तक्रार होती आणि ती रास्त होती. त्या वादाचा गाभा शिक्षणाचा होता. या सरावातून संघाचं बळ मोजता येतं का, हा प्रश्न त्यात नव्हता.

मोजण्याचा सोस वाढला तो प्रेक्षकांबरोबर. याचं सर्वांत ठळक उदाहरण २००७ मधलं अलाबामाचं. निक सेबन नुकताच प्रशिक्षक म्हणून आला होता, आणि त्याच्या पहिल्याच वसंत सामन्याला टस्कालूसाच्या मैदानात ९२,१३८ लोक लोटले. ज्या खेळाचा निकाल कुठेच नोंदला जाणार नाही, त्यासाठी एवढी गर्दी! त्या दिवशीच्या उत्साहावरून संघ जोखणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये उत्तर मिळालं. लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या संघाने अलाबामाला त्याच मैदानावर २१-१४ ने हरवलं आणि हंगामअखेर मैदानावरचा हिशेब सात विजय, सहा पराभव असा राहिला. सेबनचं मोठेपण खोटं नव्हतं, पुढच्या वर्षांनी ते सिद्धही केलं. पण एप्रिलमधल्या त्या दुपारी ते दिसण्याची सोयच नव्हती.

ती का नव्हती, हे मैदानाजवळ जाऊन पाहिलं की लगेच उमगतं. क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. त्याला पाडायचं नाही, असा तिचा अर्थ. बचावपटू त्याच्याजवळ पोहोचला की शिट्टी वाजते आणि खेळ थांबतो. खऱ्या सामन्यात तो निसटला असता की आडवा झाला असता, हे शिट्टी सांगू शकत नाही. त्यातच दोन्ही बाजूंना आपलीच माणसं. धावपटूने बचाव फोडून मोठी मजल मारली, तर धावपटू तगडा म्हणायचा की बचाव पोकळ? तालमीत रोजच्याच जोडीदाराला चीत करणाऱ्या मल्लाचं पाणी जसं फडात उतरल्यावरच कळतं, तसंच हे आहे. शिवाय दुखापतीतून सावरणारे अनुभवी खेळाडू काठावर उभे असतात आणि शाळेतून येणाऱ्या नव्या मुलांपैकी बरीचशी उन्हाळ्यातच दाखल होतात. म्हणजे ज्या संघाची पारख चालली आहे, तो अजून पुरता जमलेलाही नसतो.

यावर कोणी कॅम न्यूटनचं नाव पुढे करील. जानेवारी २०१० मध्ये तो ऑबर्नला आला, वसंतातल्या सरावानंतर पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ठरला आणि संघाने चौदाच्या चौदा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. मग बळ दिसलं नाही कसं? दिसलं, पण ते घरातल्या इतरांच्या तुलनेत. तो बाकीच्यांपेक्षा सरस आहे एवढं प्रशिक्षकांना कळलं. देशात सरस आहे, हे बाहेरच्या जाणकारांनाही कळलं नव्हतं. म्हणूनच हंगामापूर्वीच्या असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत ऑबर्न २२ व्या जागी होतं. याची दुसरी बाजू क्वार्टरबॅक ज्यो बरोने दाखवली. ओहायो स्टेटमध्ये ड्वेन हॅस्किन्स आपल्या पुढे राहणार, हे २०१८ च्या वसंतानंतर ओळखून तो लुइझियाना स्टेटला गेला. २०१९ मध्ये त्याने टचडाउनचे ६० पास दिले, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन करंडक पटकावला आणि त्याचा संघ पंधरा सामने अजिंक्य राहिला. ओहायो स्टेटची निवडही चुकीची नव्हती, हॅस्किन्सही २०१८ मध्ये जबरदस्त खेळला. वसंताने दोघांतला क्रम सांगितला. पहिल्याची आणि दुसऱ्याची उंची किती, हे त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

उणीव मात्र लपत नाही, कारण ती आधी संख्येची असते. खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांवर १९७३ मध्ये १०५ ची मर्यादा आली, १९७८ मध्ये ती ९५ झाली आणि नव्वदीच्या दशकात ८५. पूर्वी भरपूर खेळाडू असलेला संघ सहज दोन तुकड्यांत वाटता येई. आता आक्रमणाच्या अग्रफळीतले दोन-तीन जण जायबंदी झाले की दुसरी फळी उभी करणंच मुश्कील होतं आणि वसंत सामन्याचं रूप बदलावं लागतं. अशा वेळी दुसरी फळी किती तोकडी आहे, हे कोणाच्या मतावर अवलंबून राहत नाही.

असा सामना सगळ्यांसमोर खेळवणं मात्र अलीकडे प्रशिक्षकांना महाग वाटू लागलं. खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली, एप्रिलमध्ये त्यासाठी वेगळी मुदत आली, आणि वसंत सामन्यात चमकलेला राखीव खेळाडू दुसरे संघ पळवतील अशी भीती पसरली. २०२५ मध्ये नेब्रास्काने आणि टेक्ससने नेहमीचा वसंत सामना भरवलाच नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात एप्रिलची मुदत रद्द होऊन फक्त जानेवारीची उरली. तेव्हा २०२६ पासून अग्रफळीत माणूस कमी आहे हे एप्रिलमध्ये ध्यानात आलं, तरी संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंचा बाजार तेव्हा बंद असेल. आहेत त्याच मुलांपैकी कोणाला तरी सप्टेंबरपर्यंत त्या जागेसाठी तयार करावं लागेल.