पाऊस पडला, पण भांड्यात किती?

लहानपणी कढईत जेवलं की लग्नात पाऊस पडतो, हे शास्त्र आपल्याकडे घरोघर मान्य आहे. त्यामुळे वैशाखातल्या लग्नात मांडवावर सर आली, की वऱ्हाडी मंडळी आभाळाकडे न बघता नवरीकडे बघतात. "खाल्लंस ना कढईतलं?" झालं! जबाबदारी निश्चित, चौकशी समाप्त. भिजलेल्या कनातींचा आणि वाया गेलेल्या जिलब्यांचा खर्च तेवढा मुलीच्या बापाने मुकाट्याने गिळायचा.

इंग्रजाला कढईचं हे शास्त्र ठाऊक नव्हतं, म्हणून बिचाऱ्याला विमा काढावा लागला. १९२० च्या सुमारास विलायतेत 'प्लूव्हियस' नावाच्या पॉलिसीची चलती होती. प्लूव्हियस म्हणजे पाऊस पाडणारा. ज्युपिटर या रोमन देवाचं ते एक बिरुद. आपण 'इंद्र पॉलिसी' म्हणावं, तसंच. क्रिकेटचा सामना असो की चर्चच्या छपरासाठी भरवलेली जत्रा असो, भरवणाऱ्याने आधी हप्ता भरायचा. ठरल्या दिवशी, ठरल्या तासांत, ठरल्यापेक्षा जास्त पाऊस पडला तर कंपनीने पैसे मोजायचे. हे सगळं बरेच दिवस आधी ठरवावं लागे. आभाळ भरून आल्यावर छत्री उघडत कंपनीच्या दारात गेलात, तर साहेब गोड हसून तुम्हाला बाहेरचं आभाळ दाखवणार.

यातली खरी गंमत पुढेच आहे. तुमचं नुकसान किती झालं, हे या पॉलिसीचा सरळसोट प्रकार विचारतच नाही. तो एका भांड्याला विचारतो. त्या भांड्याचं नाव पर्जन्यमापक. समजा पाऊस आला, सगळी गर्दी तंबूत घुसली आणि चहा-केकचा धंदा दुप्पट झाला. तरी भांडं भरलं ना? मग घ्या पैसे! उलट सकाळपासून आभाळ काळंकुट्ट, नुसती भुरभुर, जत्रेत पाद्रीबुवा आणि त्यांचं कुत्रं सोडून कुणी फिरकलं नाही. पण भांड्यात थेंबभर कमी? मग छदाम नाही. माणूस रडून दाखवतो, हिशेब फुगवतो, साक्षीदार आणतो. भांडं यातलं काही करत नाही. विमा कंपनीचा त्याच्यावर जीव जडला, यात नवल नाही.

पण हप्ता ठरवायचा तर अमुक गावी अमुक महिन्यात पाऊस किती पडतो, हे माहीत हवं. इथे जॉर्ज जेम्स सायमन्स या गृहस्थाला नमस्कार केला पाहिजे. याने १८६० साली देशभरातल्या १६८ ठिकाणच्या पावसाच्या नोंदी एकत्र केल्या, आणि मग वर्तमानपत्रांत पत्रं लिहून लिहून माणसं जमवली. १९०० मध्ये तो वारला, तेव्हा तीन हजारांहून जास्त मंडळी त्याच्यासाठी पाऊस मोजत होती. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, घरंदाज बायका. रोज सकाळी नऊ वाजता बागेत जायचं, भांड्यातलं पाणी मोजनळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. मानधन शून्य. बिनपगारी माणूस ठोक नऊला कामाला लागतो, हे वाक्य मी आमच्या शाखेत मोठ्याने वाचून दाखवणार नाही. सायमन्सच्या डोक्यात तेव्हा विमा नव्हता, त्याला कोरड्या वर्षांची काळजी होती. पण असल्या वह्या साठत गेल्या म्हणून तर पुढे पावसाला भाव लावता आला.

भांडं खोटं बोलत नाही, हे कबूल. पण ते स्वतःपुरतंच बोलतं. २६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणार नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या भांड्यात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईतल्या कुलाब्याच्या भांड्यात? जेमतेम ७३! शहर एक, दिवस एक, आणि भांडी दोन. करारात कुलाब्याचं भांडं लिहिलेलं असतं, तर कलिन्यात गळ्याइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कंपनीने विचारलं असतं, "कसला पूर?"

आता हे भांडं आपल्या शेतकऱ्याच्या बांधावर कसं आलं, तेही ऐका. विलायतेत जत्रांचे विमे निघत होते, त्याच १९२० साली म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी शेतीच्या विम्यावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. पीक कुणाचं किती बुडालं हे शेतोशेत मोजत बसू नका, ते म्हणाले. त्या भागातल्या पर्जन्यमापकात पाऊस ठरल्यापेक्षा कमी पडला, की भरपाई द्या. युक्ती तीच, फक्त उलटी. तिकडे पाऊस पडेल म्हणून धास्ती, इकडे पडणार नाही म्हणून. तिकडची पॉलिसी खपली, कारण जत्रा भरवणाऱ्यांकडे हप्त्याचे पैसे होते. इकडचं पुस्तक छापून झालं आणि कपाटात गेलं. तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडी लावणाऱ्या शेतकऱ्यांना पावसाच्या मापावर चालणारा विमा मिळाला तो २००३ साली. मधे गेली ८३ वर्षं. इतकी वर्षं तर आमच्या सस्पेन्स खात्यातली नोंदसुद्धा टिकत नाही.

पुढे कोकणात आंब्या-काजूलाही हवामानावर आधारलेला फळपीक विमा आला. भांड्याच्या जागी स्वयंचलित केंद्र आलं, मोजनळीच्या जागी तारा आल्या. प्रश्न तोच राहिला. केंद्र डोंगराच्या अलीकडे आणि बाग पलीकडे. ऐन मोहोरात अवकाळीची सर येते, ती बागेवर पडते आणि केंद्राला कोरडं ठेवून निघून जाते. बागायतदार डोक्यावर इरलं घेऊन काळवंडलेला मोहोर हातात धरून उभा असतो, आणि केंद्राच्या नोंदीत त्या दिवसापुढे शून्य असतं. तो मोहोर दाव्याच्या अर्जाला टाचणी लावून जोडावा, तर टेबलापलीकडचा कारकून म्हणतो, "काका, यासाठी रकाना नाही."